चकती

“पप्पा, जरा टॉर्च धरा,” समिधा म्हणाली आणि टॉर्च उचलायला मी नको तेवढा वेळ लावला.

तसं पोरीने काही जगावेगळं मागितलं नव्हतं. राघोच्या पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारीही अंधारच असतो. एक खिडकी आहे, तिच्यावर त्याने कुठल्यातरी जुन्या बॅनरचं प्लास्टिक ठोकलंय, त्यामुळे आत जो काही उजेड येतो तो निळसर, आजाऱ्याच्या खोलीतल्यासारखा. त्या उजेडात दुधाच्या क्रेटवर चढवून ठेवलेली तिची कार्ट. कार्ट म्हणजे काय, चार बुटकी चाकं, पाइपांचा सांगाडा, बसायला एक खोलगट सीट आणि सीटच्या उजव्या अंगाला इंजिन. ना छप्पर, ना दार. ते इंजिन गेले काही दिवस दम टाकत होतं. एका ओढीत चालू व्हायचं, उभ्या जागी छान गुरगुरायचं, पण पाय दाबला की अर्ध्यात पोचून घुसमटायचं. का, ते शोधायला आम्ही दोघं महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला राई गावात येऊन बसलो होतो. रविवारी शर्यत. तिच्या कॉलेजच्या टीमची पहिलीच, आणि चालवणारी ती. “आज संध्याकाळपर्यंत नाही सापडलं तर मी नाव काढून घेणार,” असं तिने सकाळी गोडदेवला आमच्या घरी कप विसळता विसळता सांगितलं होतं, इतक्या साध्या आवाजात की सुगंधाने, माझ्या बायकोने, फोडणी अर्धी टाकून वळून बघितलं. तर टॉर्च धरायला काय हरकत होती? अहो, लिफ्टचा मेकॅनिक मी, अर्धं आयुष्य टॉर्चच्या उजेडात गेलंय. हरकत एवढीच की इंजिनाला काय झालंय ते मला माहीत होतं. साऱ्या जगात मला एकट्यालाच माहीत होतं. इंजिनातला धूर जिथून बाहेर पडतो तिथे सायलेन्सरचा पाइप दोन नटांनी बसवलेला असतो. त्या पाइपाच्या आणि इंजिनाच्या मधे स्टीलची एक चकती होती, करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक असलेली. ती मी कापली होती आणि मीच तिथे बसवली होती. झालं, सांगून टाकलं. मला कोडी घालायला आवडत नाहीत. पण तिला सांगता येत नव्हतं.

“आधी प्लग,” समिधा म्हणाली. काम करताना ती मोठ्याने बोलते. ही सवय माझी. प्लग काढून तिने माझ्या नाकासमोर धरला. “बघा. थोडा काळसर आहे, पण वाईट नाही.” मग दोरी ओढली, प्लगच्या टोकाला निळी ठिणगी चटचट उडाली. “ठिणगी आहे. म्हणजे प्लग नाही.” मी हं म्हणालो. सोसायट्यांचे सेक्रेटरी माझ्यासमोर म्हणतात तसा हं. “हरीभाई, लिफ्ट को क्या हुआ?” म्हणून विचारतात आणि मी सांगायला लागलो की नुसतं हं, हं. त्यांना कळत नसतं म्हणून ते हं म्हणतात. मला सगळं कळत होतं. माझं नाव हरिश्चंद्र, वडिलांनी हौसेने ठेवलेलं. शाळेत पोरं मागे लागायची, हऱ्या, एकदा तरी खोटं बोलून दाखव की. मला जमायचं नाही, कान लाल व्हायचे. आत्ताही कान गरम झाले होते, पण त्या शेडमध्ये मे महिन्यात सगळंच गरम असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

राघो ताडगोळे घेऊन आला. कागदात गुंडाळलेले, सोललेले, थंडगार. “काय गो पोरी, सापडला काय रोग?”

“शोधतोय आजोबा.”

“म्हातारा झालाय त्यो, माज्यावानी. पन वाफ्यात व्हता तवा दिसभर चालायचा, कवा कुरकुर न्हाय. तुज्याकडं आला नि नखरे करायला लागला.” तो हसला, एक ताडगोळा त्याने स्वतःच तोंडात टाकला आणि दाराशी उकिडवा बसला. हे इंजिन त्याचंच. मोरवा गावाच्या पुढे त्याची भाजीची जमीन होती, तिथल्या पाण्याच्या पंपाचं. जमिनीवर आता बिल्डिंग आहे, तिच्यात राघोला फ्लॅट मिळालाय, आणि तिच्या लिफ्टचं काम माझ्याकडे. लिफ्ट लागली तेव्हा हा गडी पार वरच्या मजल्यावर जिन्याने चढायचा. मुलं, सुना सगळ्यांनी डोकं फोडून घेतलं. पेटीत बसून वर जायला मी काय मेलोय काय, म्हणायचा. शेवटी मीच त्याला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये नेला आणि गव्हर्नर दाखवला. गव्हर्नर म्हणजे एक चाक, त्यावरून जाणारी एक दोरी. लिफ्ट ठरलेल्या वेगापेक्षा जोरात सुटली की हे चाक अडकतं आणि खाली लिफ्ट जिथल्या तिथे रुळांना चावून धरते. “म्हंजे त्यो जागा असतो?” राघोने विचारलं होतं. “सतत,” मी म्हणालो. “म्हंजे तुज्यासारका,” तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून लिफ्टने जायला लागला. माणसाला असं कुणी काही म्हटलं की ते आत कुठेतरी जाऊन बसतं. मी जागा असणारा माणूस. माझ्या हाताखालच्या एकाही लिफ्टमध्ये कुणाला खरचटलेलं नाही. आणि एवढं जागं राहून मी शेवटी काय केलं, तर स्वतःच्या पोरीच्या इंजिनाच्या नरड्यात बोळा कोंबला.

“आता पेट्रोल,” समिधा म्हणाली. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते बुजलं तर पेट्रोल खाली उतरत नाही. तिने झाकण सैल करून बघितलं, नळी काढून बाटलीत धार सोडून बघितली. धार छान पडत होती. “उजेड इकडे, पप्पा.” मी उजेड तिकडे केला. पंपाच्या इंजिनालाही गव्हर्नर असतो. हे मला माहीत होतं, पण कधी डोक्यात आलं नव्हतं, दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी शेडमध्ये आलो तोपर्यंत. तिने आणि तिच्या टीममधल्या साहिलने इंजिन सबंध उघडलं होतं आणि ताटात एक बारका गिअर, दोन वजनं, एक स्प्रिंग असं काढून ठेवलं होतं. मी विचारलं, हे काय? “गव्हर्नर,” ती म्हणाली, वर न बघता. “पंपाला लागतो. कार्टला नको.” नको. मी तो गिअर हातात घेतला. नखाएवढी दोन वजनं, फिरताना बाहेर फेकली जाणारी, आमच्या मोठ्या चाकासारखीच. मी म्हणालो, मला विचारायचं तरी. ती हसली, वाईट हसली नाही, नुसतं हसली. “पप्पा, यात काय विचारायचं?” खरंच, काय विचारायचं होतं? लहानपणी सायकलची चेन पडली तरी मला हाक मारणारी पोर, आणि आता पंपाच्या इंजिनाचं शर्यतीचं इंजिन करतेय, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त सोडणारा मोठा जेट घालतेय, धुराचा रस्ता आतून घासून गुळगुळीत करतेय, आणि माझ्याकडे विचारण्यासारखं तिला काही उरलेलं नाही. मी गिअर परत ताटात ठेवला. नीट ठेवला, आपटला नाही.

मला भीती वाटली म्हणून मी चकती घातली. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की ते पाठ झालंय. आणि भीती वाटली हे खोटं नाही. राईच्या पुढे एका अर्धवट प्रोजेक्टचा लेआउटचा रस्ता आहे, डांबर घातलंय, दिवे लावलेत, माणूस नाही. तिथे ही पोरं कार्ट पळवून बघतात. मार्चमध्ये एका रविवारी मी गेलो बघायला. ती माझ्या समोरून गेली तेव्हा मला ती दिसलीच नाही, फक्त आवाज दिसला म्हणा, काहीतरी लाल आणि खूप खाली, जमिनीला चिकटलेलं. वळणावर तिचं आतलं मागचं चाक उचललं गेलं. कठडा धरायला माझा हात पुढे गेला आणि तिथे कठडा नव्हता. मग ती आली, थांबली, हेल्मेट काढलं आणि हसली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळे ओले, तोंड उघडं. हे हसणं मी कधी बघितलं नव्हतं. दहावीच्या निकालाला नाही, कुणाच्या लग्नात नाही. घरात ती जे हसते ते हसणं मग काय होतं? हा प्रश्न मला चाक उचलल्यापेक्षा जास्त लागला, हे आता त्या टॉर्चमागे उभं राहून मला कबूल करावं लागत होतं. भीती होतीच हो. पण नुसती भीती असती तर मी आरडाओरडा केला असता, हेल्मेट लपवलं असतं, बापाने करायच्या त्या चार गोष्टी केल्या असत्या. मी तसं काही केलं नाही. मी म्हणालो, “मस्त चालवलीस,” आणि घरी येऊन कपाटाखालून पत्र्याचा तुकडा शोधला.

कापताना मला कळत होतं मी काय करतोय. तिचं सबमिशन होतं, ती कॉलेजला. मी राघोला सांगितलं की तुमच्या लिफ्टची सर्व्हिस आहे, तशी ती होतीही, आणि सर्व्हिस करून शेडमध्ये शिरलो. दोन नट काढले, पाइप बाजूला केला, चकती मधे, परत दोन नट. एवढंच. विचार असा की थोडा वेग कमी होईल, तिला वाटेल इंजिन जुनं आहे, पोरं कंटाळतील, पाऊस येईल, परीक्षा येतील. कुणाला काही लागणार नाही. लिफ्टवाल्याचं डोकं हे असं चालतं, वेग कमी म्हणजे धोका कमी. आणि गंमत बघा, बसवायच्या आधी मी कानस घेऊन चकतीची कड घासली. बाहेरून घासली, भोकाच्या आतूनही घासली. पत्रा कापला की त्याची कड करवतीसारखी असते, ती घासायची, अंगठा फिरवून बघायचा, कारण पुढे कधीतरी कुणीतरी ते खोलणार आणि त्याचा हात कापायला नको. हे माझ्या उस्तादाने मला शिकवलं आणि मी समिधाला शिकवलं, ती टेबलाएवढी होती तेव्हा. चोरी करतानासुद्धा हात आपलं वळण सोडत नाहीत.

“कार्बोरेटर काढते,” ती म्हणाली. मी म्हणालो, “साहिलने साफ केला होता ना?” साहिलचं नाव माझ्या तोंडून उगाच निघालं. ती पाना फिरवत राहिली. इंजिन घुसमटायला लागलं तेव्हा पहिला आळ साहिलवर आला, कारण जेट त्याने बसवला होता. ती त्याला फोनवर बोलत होती ते मी हॉलमध्ये बसून ऐकलं होतं: “तुला जमत नव्हतं तर सांगायचं होतंस ना!” टीव्ही चालू होता. मी आवाज थोडा वाढवला. त्यानंतर साहिल शेडमध्ये आला नाही. गुणी पोरगा आहे, माझ्याकडून नट-बोल्टचे पाने न्यायचा तर पुसून परत आणायचा. मी दोनदा त्याचा नंबर काढून बघितला, काय बोलणार होतो देव जाणे. आता समिधाने जेट काढला, उजेडात धरून त्याच्या आरपार बघितलं आणि फुंकर मारली. “साफ आहे,” ती म्हणाली. “मापही बरोबर आहे.” मग बराच वेळ ती तो जेट बोटांत फिरवत राहिली. “अजून काय असेल, पप्पा?”

आता बोल, असं मी मला म्हणालो. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, “क्लच बघ. सरकत असेल.”

तिने क्लच बघितला. कव्हर काढलं, वास घेतला, मला घ्यायला लावला. जळका वास नव्हता. आता टॉर्चचा उजेड वर-खाली होताना तिच्या पायावर पडला आणि मी तो पटकन हटवला. तिच्या उजव्या पोटरीवर पांढरी पट्टी होती. गेल्या रविवारी लेआउटच्या रस्त्यावर ती कार्टमधून उतरत होती आणि पोटरी सायलेन्सरच्या पाइपाला लागली. पाइप लाल झाला होता, म्हणाली. मी तिथे नव्हतो. घरी आली ती लंगडत, सुगंधाने मलम लावलं, फोड बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, तुम्ही जरा लक्ष ठेवा ना तिच्यावर. तुमचं ऐकते ती.” मी पट्टी कापून देत होतो. पाइप लाल का झाला असेल असं मी समिधाला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, आणि तिने वेदनेतही समजावून सांगितलं: धूर बाहेर पडायला अडला की गरमी आतच साठते, पाइप तापतो, व्हॉल्व्ह जळायला लागतो. मला हे ठाऊक नव्हतं. लिफ्ट अडवली की ती नुसती उभी राहते, तिथे आग लागत नाही. मी ज्याला सुरक्षित म्हणत होतो ते आत तापत बसलं होतं आणि त्याने माझ्या पोरीला भाजलं. ते कळल्यावर तरी मी बोलायला हवं होतं की नाही? त्याच रात्री, पट्टी बांधता बांधता? मी म्हणालो, “जपून गं,” आणि कात्री खणात ठेवली. शी! स्वतःचा असा राग आला की जेवताना घास फिरत राहिला.

“क्लच नाही,” समिधा म्हणाली. “अजून काय?”

“चेन. चेन घट्ट असेल. नाहीतर ब्रेक घासत असेल.”

तिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं, पण टॉर्च माझ्या हातात होता, तिला माझा चेहरा दिसणार नव्हता. मग ती पालथी झाली, चेन दाबून बघितली, मागची चाकं हाताने फिरवली. चाकं फिरली, फिरत राहिली, कितीतरी वेळ, बेअरिंगचा बारीक सुर्रर्र आवाज करत. राघो दाराशी बसल्या बसल्या पेंगायला लागला होता. ती माझं ऐकत होती. मी सांगेन ते खोलत होती, पुसत होती, परत लावत होती, नखांत काळं जात होतं, आणि मी एकेक खोटा पत्ता देत होतो. ती इतकी नीट माझं कधी ऐकत होती? लहान असताना. शाळेला सुट्टी असली की मी तिला कामावर न्यायचो. एकदा मीरा रोडच्या एका बिल्डिंगमध्ये मशीनरूममध्ये तिला स्टुलावर बसवून मी मोटर उघडली होती, माझा हेल्पर रोशन खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. मेन स्विच पाडून त्यावर मी पाटी टांगलेली, काम चालू आहे, स्विच लावू नये. मी वळून बघतो तर पाटी हिच्या मांडीवर, मागच्या कोऱ्या बाजूला खडूने घर काढतेय. मी असा ओरडलो की खालून रोशनने “क्या हुआ दादा?” म्हणून विचारलं. तिला दंडाला धरून हलवलं, खाली माणूस आहे, कुणी पाटी नाही बघून स्विच लावला तर? “ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी नाही. सेक्रेटरी आला, देव आला, तरी नाही!” ती रडली नाही, तिची चड्डी ओली झाली. मग कित्येक दिवस घरात कशालाही हात लावायच्या आधी विचारायची, पप्पा, हे कुणी लावलंय? पंखा, कॅलेंडर, दाराचं तोरण. सुगंधा हसायची. मला हसू यायचं नाही.

“व्हॉल्व्हचं अंतर परवाच बघितलंय,” समिधा उठून बसत म्हणाली. तिने कपाळ मनगटाने पुसलं, तिथे काळा पट्टा उमटला. मग फोन काढला. मला वाटलं आईला लावतेय. “साहिल? हां, मीच. ऐक ना. तुझा जेट बरोबर होता.” पलीकडून काहीतरी. “नाही, अगदी बरोबर होता. मी त्या दिवशी फार बोलले तुला. सॉरी. चूक तुझी नव्हती, आमच्याकडची होती.” परत पलीकडून काहीतरी, आणि ती ओठ चावून ऐकत राहिली. “रविवारचं अजून नक्की नाही. संध्याकाळी सांगते.” फोन ठेवून ती जमिनीकडे बघत बसली. आमच्याकडची, म्हणाली. स्वतःवर घेतेय, मला वाटलं. धुराचा रस्ता घासताना आपल्याच हातून काही बिघडलं असं तिला वाटतंय. उद्या ती नाव काढून घेईल, कुणाला काही लागणार नाही, आणि ती जन्मभर असं धरून चालेल की आपल्या हातात काम नाही. पाने पेटीत जातील. मग कधीतरी मला हाक मारेल, पप्पा, मिक्सर बिघडलाय, जरा बघता का? आणि मी जाऊन बघेन. हेच हवं होतं ना रे तुला, हऱ्या? टॉर्चचा उजेड भलतीकडेच, भिंतीवर पडला होता.

“पप्पा, उजेड तिकडे पडत नाहीये,” ती म्हणाली.

“कुठे?”

“पाइपावर. मघापासून सगळीकडे पडतोय, फक्त तिथे नाही.”

मी टॉर्च फिरवला. दोन नट दिसले, काळवंडलेला पाइप दिसला, त्यावरचा निळा-जांभळा तापल्याचा रंग दिसला. मग मी बोललो. “समी, ते खोल. तिथे मधे चकती आहे. मी घातलीय.”

ती हलली नाही. “माहीत आहे.”

बाहेर कुठेतरी कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. “सोमवारी खोललं,” ती म्हणाली. “पाइप लाल झाला म्हणजे धूर अडतोय, एवढं तर मला कळतं ना. चकती निघाली. आधी वाटलं साहिलने मुद्दाम केलं. मग कडेवरून बोट फिरवलं.” तिने अंगठा दुसऱ्या अंगठ्यावर फिरवला. “आतून पण घासलेली. भोकाच्या आतून पण. असं कोण करतं, पप्पा?”

“मग काढून का नाही टाकलीस?”

“पाटी,” ती म्हणाली.

मला क्षणभर समजलं नाही, आणि मग समजलं.

“ज्याने लावली त्यानेच काढायची. तुम्हीच शिकवलंत.” आता तिचा आवाज फाटला. “परत जशीच्या तशी लावली मी ती. आणि वाट बघितली. सोमवार, मंगळवार, काल. मुद्दाम आज तुम्हाला घेऊन आले. प्लग चांगला आहे हे मला माहीत नव्हतं? तुम्ही क्लच बघ म्हणालात, बघितला. चेन बघ म्हणालात, चेन बघितली. म्हटलं आता बोलतील, आता बोलतील. तुम्ही टॉर्च धरून उभे! मला काय वाटत होतं माहितेय तुम्हाला?”

“मला भीती वाटली गं.”

“मग तसं सांगायचं!”

“ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं,” ती म्हणाली, आणि नाक ओढलं. “पण भांडलो असतो ना आपण. मी ओरडले असते, तुम्ही ओरडला असता. तुम्ही म्हणालात, मस्त चालवलीस.”

हे मात्र असं लागलं की मी खाली बसलो, तिथेच, तेलाच्या डागावर. राघो जागा होऊन बघत होता. “काय झालं रं हरी?” त्याने विचारलं. “काही नाही राघोबा,” मी म्हणालो, आणि लगेच म्हणालो, “नाही, झालंय. इंजिनात काही बिघाड नव्हता. मीच अडवलं होतं.” राघोने माझ्याकडे असं बघितलं, लिफ्टच्या दारात पहिल्यांदा उभा होता तेव्हा आतल्या पेटीकडे बघितलं होतं तसं.

समिधाने पेटीतून पाना काढला आणि माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. मग तिने माझ्या दुसऱ्या हातातून टॉर्च काढून घेतला आणि उजेड पाइपावर धरला. तिचा उजेड हलत नव्हता. माझा पाना नटावरून दोनदा सरकला. मशीनरूममध्ये डोळे मिटून नट काढणारा मी. तिने घाई केली नाही. मी पहिला नट काढला, दुसरा काढला, पाइप बाजूला केला. चकती चिकटली होती, नखाने उचकटून काढावी लागली. काळी ठिक्कर झालेली, भोकाभोवती राखाडी कडं. “व्हॉल्व्ह?” मी विचारलं. “वाचलाय,” ती म्हणाली. “सोमवारपासून मी एकदाही पूर्ण पाय दाबला नाही.” मी पाइप परत लावला, नट आवळले, आणि चकती तिच्यापुढे धरली. का, ते मला सांगता येणार नाही. तिने घेतली नाही.

“तुमच्याकडेच ठेवा,” ती म्हणाली.

आम्ही तिघांनी कार्ट क्रेटवरून उतरवली, ढकलत लेआउटच्या रस्त्यावर नेली. ऊन उतरायला लागलं होतं, खाडीकडून वारा होता. तिने हेल्मेट घातलं, पट्ट्याचा चाप लावला, ओढून बघितला. मी तिला सांगितलं, वळणावर चाक उचलतं, बघितलंय मी, मला ते बघवत नाही. मोठ्याने सांगितलं, राघोसमोर. हेल्मेटच्या आतून तिने माझ्याकडे बघितलं. “रविवारी येणार ना?” तिने विचारलं. मी म्हणालो, येईन, पण ओरडेन. “ओरडा,” ती म्हणाली. मी दोरी ओढली आणि ती गेली. आवाज चढत गेला. जिथे इतके दिवस तो घुसमटत होता त्या ठिकाणी पोचला, आणि तो तिथून पुढे निघून गेला, वर, आणखी वर, माझ्या पोटातून आरपार. भीती जराही कमी झाली नव्हती. वळण येत होतं. माझा हात खिशात होता आणि अंगठा त्या चकतीच्या कडेवरून गोल गोल फिरत होता, बाहेरून, मग भोकाच्या आतून. कड अगदी गुळगुळीत होती. कुठेही लागत नव्हती.